दारूबंदीचं काम करणाऱ्या बाईनं सरपंचपदाला उभं राहावं का? जागा महिला राखीव निघालीये

माणदेशी_सून

नमस्कार सगळ्यांना. मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली, गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण गाव लहान आहे आणि आमच्याकडचे लोक इथंपण असतात. वय ३८, बारावी झालीये, लग्न होऊन आले तेव्हापासून शेती आणि शिलाई, आणि गेली बरीच वर्षं बचत गटाचं काम. तेही काही ठरवून सुरू झालं नाही, २०१८ ला पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपमध्ये (गावागावांतली जलसंधारणाची स्पर्धा) आमचं गाव उतरलं होतं, आमच्याच तालुक्यातल्या टाकेवाडीला त्या साली राज्यात पहिला नंबर मिळाला, आम्हाला काही मिळालं नाही पण ४५ दिवस पहाटे पाटी-खोरं घेऊन डोंगराला जायचो त्यात वाड्या-वस्त्यांवरच्या बायका पहिल्यांदा एकमेकींशी मन मोकळं करून बोलल्या. आणि बोलणं सुरू झालं की दारूचा विषय निघतोच.

गावात देशी दारूचं दुकान होतं, अगदी एसटी स्टँडला लागून, शाळेच्या पोरी तिथनंच जायच्या. मग आम्ही आडवी बाटलीचं ठरवलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली की सह्यांची पडताळणी होते आणि मग गुप्त मतदान लागतं, चिठ्ठीवर एक उभी बाटली आणि एक आडवी बाटली, आणि नुसतं जास्त मतं पडून भागत नाही, यादीत जेवढ्या बायका आहेत त्यांच्या निम्म्याहून जास्त आडव्या बाटलीला पडायला लागतात. म्हणजे जी घरी बसली तिचं मत दुकानालाच गेल्यासारखं. पुण्या-मुंबईला गेलेल्या सुनांची नावंपण यादीत, त्यांना फोन करकरून बोलावलं, काहीजणी रात्रीच्या गाडीनं पोरं काखेत घेऊन आल्या. वस्तीवरची एक आजी, तिला डोळ्यानं दिसत नाही, तिला गाडीवर मधे बसवून आणली तर रांगेत उभी राहून ती सारखी बोटानं हवेत आडवी रेघ मारून मला विचारायची "अशीच ना गं? अशीच ना?" दुकान बंद झालं. त्या आजीच्या दोन पोरांचं वाटोळं दारूनंच झालं होतं.

आता मुद्द्यावर येते. यंदा ग्रामपंचायतीची मुदत संपतीये, सरपंचपद सर्वसाधारण महिला निघालंय, आणि गेल्या पंधरा दिवसात दोन्ही पॅनलची माणसं घरी येऊन गेली. ज्यांनी मतदानाच्या वेळी बायकांना दारातनं परत पाठवलं होतं तेच आता ताई ताई करतायत. मालक म्हणतात तुझी इच्छा असेल तर मी मागं आहे. दिरांना वाटतं उभं राहावंच, त्यांचा जेसीबी आहे. सासूबाई म्हणतात एवढं नाव कमावलंस ते एका इलेक्शनमधे घालवशील.

मला झोप लागत नाही ती गटातल्याच एकीच्या बोलण्यानं. ती म्हणली, "ताई तू तिकडं गेलीस की आम्ही कुणाकडं जायचं? उद्या तुझ्याच विरोधात बोलायचं झालं तर?" याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं.

तर विचारायचं हे की अशा कामातनं राजकारणात गेलेल्यांचं पुढं काय होतं? काम सुटतं का? तुमच्या बघण्यात कुणी असेल तर खरं खरं सांगा, मन राखायला नको.

---

माजी_सरपंच_नगर

ताई, उभ्या राहा. पण आधी माझं ऐकून घ्या मग ठरवा. मी पाच वर्षं सरपंच होते, नगर जिल्हा (आता अहिल्यानगर म्हणायचं), मीपण बचत गटातनंच आलेले.

पहिल्या दिवशी खुर्चीवर बसवलं, हार घातले, फोटो काढले, आणि दुसऱ्या दिवसापासून कागद घरी यायला लागले. शिपाई यायचा, "सही करा मॅडम, भाऊसाहेब थांबलेत." मी चुलीपुढं बसलेले, हाताला पीठ, आणि समोर तो रजिस्टर धरून उभा. दोन महिने मी अशा सह्या केल्या. काय लिहिलंय ते वाचलं नाही कारण वाचायला मागितलं तर त्यांना वाटेल हिला काही कळत नाही, ही लाज. माझी सगळ्यात मोठी चूक तीच. पुढं एका गटाराच्या कामाचं बिल निघालं, गटार जागेवर नाहीच, आणि बिलाखाली माझी सही. ग्रामसभेत माझ्याच गटातली बाई उठली आणि विचारलं. मला रडू आलं पण तिनं विचारलं म्हणून मी जागी झाले, नाहीतर पाच वर्षं तशीच गेली असती.

म्हणून तुमच्या गटातली ती बाई जे बोलली ना, तिला सोडू नका. तीच तुमची खरी माणूस.

आता कामाचं सांगते. पैसे हल्ली चेकनं नाही जात, सरपंच आणि ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी असं नाव झालंय, लोक भाऊसाहेबच म्हणतात) दोघांच्या डिजिटल सह्या लागतात. ती सही एका डोंगलमधे असते, पेन ड्राइव्हसारखं दिसतं. हे डोंगल कुणाकडं आहे यावर गावचा सरपंच कोण ते कळतं. बऱ्याच ठिकाणी ते ऑपरेटरच्या ड्रॉवरमधे पडलेलं असतं, पासवर्ड कागदावर लिहून चिकटवलेला, आणि सरपंचबाईला माहीतच नसतं की तिच्या नावानं पैसे गेले. मी ते मंगळसूत्राच्या पाकिटात ठेवायला लागले. लोकांनी नावं ठेवली, ठेवू देत. बिल वाचून, जागेवर जाऊन बघून मगच डोंगल लावायचं.

दुसरं, नवऱ्याला ऑफिसात खुर्ची टाकू देऊ नका. मालक चांगले असतील, माझेपण चांगलेच आहेत, पण एकदा ते खुर्चीवर बसले की माणसं त्यांच्याशीच बोलतात आणि तुम्ही चहा करायला उठता. मी पहिल्या वर्षी उठायचे.

बाकी कामातनं आलेल्यांचं विचारलंत तर आमच्या जिल्ह्यातलं हिवरे बाजार सगळ्यांना माहीत आहे, पोपटराव पवार १९८९ ला सरपंच झाले तेव्हा शिकलेला तरुण म्हणून गावानंच त्यांना पुढं केलं. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, श्रमदान हे सगळं त्यांनी आधी गावाकडनं कबूल करून घेतलं आणि मग योजना आणल्या. पाण्याचा ताळेबंद दरवर्षी ग्रामसभेत मांडतात, किती पाऊस पडला त्यावर कुठलं पीक घ्यायचं ते ठरतं. २०२० ला पद्मश्री मिळाली. आणि तरीपण जानेवारी २०२१ ला तिथं तीस वर्षांनी निवडणूक लागलीच, बिनविरोध झाली नाही. सातच्या सात जागा त्यांच्या आल्या हे खरं. पण त्याच निवडणुकीत औरंगाबादजवळच्या (आता छत्रपती संभाजीनगर) पाटोद्याला, ज्या गावाचं नाव भास्करराव पेरे पाटलांनी राज्यभर नेलं, तिथं त्यांची मुलगी पडली. तेव्हा एवढं काम केलंय म्हणजे लोक मत देतीलच हे धरून चालू नका. आडव्या बाटलीला दारात गेलात तसंच परत दारात जावं लागेल, आणि या वेळी स्वतःसाठी मागायचं असतं, ते जड जातं.

---

वैनगंगेकाठी

माझं मत वेगळं आहे आणि ते स्पष्टच लिहितो. ताई, तुम्ही उभ्या राहू नका असं मला वाटतं, निदान या वेळी तरी.

मी गडचिरोलीचा. आमच्याकडं धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) आहे. "दिल्ली मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तिथली. देवाजी तोफा आणि त्यांच्यासोबत मोहन हिराबाई हिरालाल यांनी तिथं जे उभं केलं ते सरपंचपदाच्या खुर्चीवरनं नाही केलं. मेंढा तेव्हा लेखा गटग्रामपंचायतीतलं (काही गावांची मिळून एक ग्रामपंचायत) एक गाव होतं, लहानसं, सरपंच दुसऱ्या गावचा असू शकायचा. पण ताकद मेंढ्याच्या स्वतःच्या ग्रामसभेत. तिथं निर्णय बहुमतानं होत नाहीत, सगळ्यांची संमती होईपर्यंत विषय पुढं ढकलतात, कधी कधी महिनोन् महिने. आणि ग्रामसभेच्या आधी अभ्यास गट बसतो, कायदा काय म्हणतो, सरकारचा कागद काय म्हणतो ते वाचून समजून घेतात. याच जोरावर २००९ ला त्यांना सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. मिळाला तरी बांबू तोडून विकायला वनखातं वाहतूक पास देईना, तर गाव अडून बसलं, आणि शेवटी एप्रिल २०११ मधे जयराम रमेश केंद्रात मंत्री असताना स्वतः गावात आले आणि पासचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. कुठल्या सरपंचाला हे मिळालं असतं सांगा.

माझी भीती एवढीच आहे की गावात प्रश्न विचारणारी एकच बाई असते आणि तिलाच आपण खुर्चीवर बसवतो. मग खालून विचारणारं कोणी उरत नाही. मी आमच्या भागात हे डोळ्यांनी पाह्यलं, एक फार चांगला माणूस, रोजगार हमीच्या मजुरीसाठी तहसीलवर धरणं धरणारा, निवडून गेला आणि दोन वर्षांत त्याच तहसीलमधे मजुरांना "थोडं समजून घ्या, वरून निधी नाही" म्हणायला लागला. तो बिघडला नाही, एक रुपया खाल्ला नाही. पण तो आता त्या बाजूच्या अडचणी सांगत होता. आणि मजुरांची बाजू सांगणारा कोणीच तयार झाला नव्हता कारण इतकी वर्षं तोच सांगायचा.

आधी पाच-सहा बायका तयार करा ज्या तुमच्याशिवाय ग्रामसभा हलवू शकतील. निवडणूक परत येईलच.

---

गोरेगाव_पूर्व

वैनगंगेकाठी दादा, तुमचं मेंढ्याबद्दलचं सगळं मान्य, पण खुर्चीवर गेलं की त्या बाजूचं होणारच हे मला पटत नाही. मी गोरेगावात वाढले, आमच्याकडं मृणालताई गोरे होत्या.

नवीन मुलांना नाव माहीत नसतं म्हणून लिहिते. डॉक्टरीचं शिक्षण अर्धवट सोडून राष्ट्र सेवा दलाच्या कामात पडल्या. नवरा बंडू गोरे, दोघं मिळून गोरेगावात काम करायचे, १९५८ ला ते गेले, पदरात लहान मुलगी. आणि १९६१ ला त्या मुंबई महापालिकेवर निवडून गेल्या. तेव्हाचं गोरेगाव म्हणजे उपनगर, चाळी आणि झोपड्या वाढत चाललेल्या आणि पाणी नाही. त्या पाण्यासाठी त्यांनी महापालिकेला इतकं धारेवर धरलं की लोकांनी नावच ठेवलं, पाणीवाली बाई. माझी आई सांगायची की ताई नगरसेविका झाल्यावर मोर्चे कमी नाही झाले, वाढले. फरक एवढाच की आधी मोर्चा दाराशी अडायचा, आता मोर्चातली एक बाई आत बसलेली असायची आणि बाहेरच्या बायकांना माहीत असायचं की आत आज काय विषय आहे. रिकामे हंडे घेऊन बाहेर आणि कागद घेऊन आत.

१९७२ ला त्या आमदार झाल्या. त्याच सुमारास महागाईविरोधात सगळ्या पक्षांच्या बायकांची समिती झाली, अहिल्याताई रांगणेकर कम्युनिस्ट आणि मृणालताई समाजवादी, पण लाटणं घेऊन एकत्र रस्त्यावर. माझी आई त्या लाटणं मोर्चाला गेली होती, आमच्या घरातलं ते लाटणं अजून आहे, एका बाजूनं चिरलंय, आईनं ते टाकू दिलं नाही. म्हणजे बघा, आमदार असलेली बाई रस्त्यावर होती. १९७७ ला लोकसभेला निवडून आल्या तेव्हा घोषणा होती "पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में" (दिल्लीवाली म्हणजे इंदिरा गांधी). आणि गर्भलिंग चाचणीवर बंदी घालणारा कायदा महाराष्ट्रानं १९८८ ला देशात पहिल्यांदा केला, त्याच्यासाठी विधानसभेत पाठपुरावा करणाऱ्यांत त्या पुढं होत्या, आणि तो विषय आला कुठून तर बाहेर काम करणाऱ्या बायकांच्या गटांकडून.

मला यातनं एकच दिसतं. त्यांना बाहेरून ढकलणारं माणूस कायम होतं आणि ते त्यांना नको वाटत नव्हतं. तुमच्या गटातली बाई उद्या तुमच्याविरुद्ध उभी राहिली तर तुम्हाला राग येईल की बरं वाटेल, ते आत्ता स्वतःला विचारा ताई.

---

माणदेशी_सून

खूप आभार सगळ्यांचे, रात्री एक वाजता वाचतीये.

माजी सरपंच ताई, चुलीपुढचं वाचून अंगावर काटा आला, कारण बचत गटाच्या कर्जाच्या कागदावर मीपण सुरुवातीला अशाच सह्या केल्यात.

गोरेगावच्या ताई, खरं सांगते, राग येईल. पहिल्यांदा तरी येईल.

एक अजून अडचण आहे जी मी वर लिहिली नाही. दोन पॅनलमधलं जे पॅनल निवडून यायची शक्यता जास्त, त्यात दुकानवाल्याचा सख्खा चुलतभाऊ सदस्य म्हणून उभा राहणार आहे. ते म्हणतात तो विषय संपला आता, दुकान बंद झालं, सगळ्यांना घेऊन चाला. ग्रामपंचायत नऊ सदस्यांची आहे. पॅनलशिवाय मला कोण निवडून देणार? आणि कागदपत्रांचं मला काही माहीत नाही, कुणी सांगेल का?

---

कागद_आधी

ताई, कागदाचं मी सांगतो, गावोगावचे अर्ज भरायला मदत करायचं काम मी बरीच वर्षं करतोय, आणि चांगली चांगली माणसं निवडून येऊन कागदावर घरी बसलेली बघितलीत म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळू नका.

१२ सप्टेंबर २००१ नंतर झालेल्या मुलामुळं अपत्यं दोनपेक्षा जास्त होत असतील तर विषय तिथंच संपला. घरात शौचालय पाहिजे आणि ते वापरात पाहिजे. घरपट्टी पाणीपट्टीचं बिल मिळाल्यावर तीन महिन्यांत भरलेलं नसेल तर तेपण अपात्रतेचं कारण, म्हणून सासऱ्यांच्या नावचं असलं तरी आजच जाऊन भरा आणि पावती जपून ठेवा. सर्वसाधारण महिला असल्यानं जात पडताळणीची भानगड तुम्हाला नाही, पण तुमच्यासोबत राखीव जागेवर ज्या उभ्या राहतील त्यांना आहे, त्यांचं काम आजपासून लावा, पडताळणीत बाया अडकतात. सदस्य म्हणून तरुण मुली घेणार असाल तर १ जानेवारी १९९५ नंतर जन्मलेल्यांना सातवी पास लागतं. निवडणुकीचा खर्च वेगळ्या खात्यातून करा, रोजचा लिहा, आणि निकालानंतर तीस दिवसांत हिशोब द्या. पडलात तरी द्या. पडलेली माणसं हिशोब देत नाहीत आणि पुढच्या वेळी अर्ज भरायला गेल्यावर कळतं की पाच वर्षांसाठी अपात्र झालोय. सरपंचपदाच्या खर्चालापण मर्यादा असते, ती ग्रामपंचायतीच्या सदस्यसंख्येवर ठरते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घर. तुमचं राहतं घर, गोठा, कंपाउंड, पायरी, यातलं काही सरकारी किंवा गायरान जागेत आहे का? २०१८ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की अतिक्रमण घरातल्या दुसऱ्यानं केलेलं असलं आणि तुम्ही त्याच घरात राहून त्याचा उपभोग घेत असलात तरी अपात्रता लागू शकते. सुनांना याचाच फटका बसतो, घर सासऱ्यानं बांधलेलं, तिला काही माहीतच नसतं. विरोधक निवडणुकीत गप्प बसतात आणि निवडून आल्यावर तक्रार टाकतात. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या महिला सरपंचांना याच कारणावरनं काढलं होतं, सप्टेंबर २०२४ मधे सुप्रीम कोर्टानं त्यांना परत पद दिलं आणि निवडून आलेल्या बाईला काढणं एवढं हलकं घेऊ नका असं यंत्रणेला सुनावलं. पण तिथपर्यंत जायला किती पैसा आणि किती वर्षं. तुम्ही आधीच सिटी सर्व्हे नाहीतर आठ अ, सातबारा घेऊन मोजून घ्या.

आणि दिरांचा जेसीबी. ग्रामपंचायतीच्या कामात सदस्याचा प्रत्यक्ष अप्रत्यक्ष हितसंबंध असला तर अपात्र. कायद्यात बसतं का नाही हा वकिलांचा वाद, तुम्ही त्या वादात पडूच नका, दिरांना आत्ताच समोर बसवून सांगा की तुम्ही सरपंच असेपर्यंत तो जेसीबी ग्रामपंचायतीच्या एकाही कामावर दिसता कामा नये. हे ऐकून त्यांचा उत्साह कमी झाला तर तेपण तुम्हाला आत्ताच कळलेलं बरं.

पॅनलचं म्हणाल तर ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं हे विसरू नका, आणि सरपंच थेट जनतेतनं निवडायचाय, २०१७ ला ही पद्धत आली, २०२० ला काढली, २०२२ ला परत आली. म्हणजे नऊ सदस्यांनी हात वर करून तुम्हाला निवडायचं नाहीये, गावानं निवडायचंय. पहिली दोन वर्षं अविश्वास आणता येत नाही आणि नंतर आणला तरी शेवटी ग्रामसभेत गुप्त मतदान लागतं. ज्या बाईनं यादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांचं मत एका बाजूला पाडलंय तिला पॅनल कशाला पाहिजे? पॅनलला ती पाहिजे.

---

खानदेशी_शेतकरी

वरच्या भाऊंच्या शेवटच्या वाक्याला माझं अनुमोदन. बायकांचंच पॅनल करा ताई. आमच्या जळगाव जिल्ह्यात विटनेरला शेतकरी संघटनेच्या बायांनी १९८९ च्या सुमारास पूर्ण महिलांची ग्रामपंचायत निवडून आणली होती, तेव्हा ना ७३ वी घटनादुरुस्ती होती ना ५० टक्के आरक्षण. १९८६ च्या चांदवडच्या अधिवेशनात लाखो बाया जमल्या होत्या आणि तिथनं ती हवा निघाली, माझी आजी बैलगाडीनं आणि मग ट्रकनं गेलेली, लेकरू कडेवर घेऊन. तेव्हा जमलं तर आता का नाही. राखीव नसलेल्या जागेवरपण बाई उभी राहू शकते हे लोक विसरूनच गेलेत.

---

माजी_सरपंच_नगर

दुकानवाल्याच्या चुलतभावाबरोबर एका पॅम्प्लेटवर फोटो छापू नका एवढंच म्हणीन. बंद झालेलं दुकान परत चालू करायची मागणी करता येते, आणि नाही केली तरी गावठी घरातनं विकणारे असतातच, ते बंद करायला पोलीस स्टेशनला तुम्हालाच जावं लागणार आहे. त्या वेळी तुमच्या शेजारी कोण बसलंय ते आजी बघणार, म्हणजे तिला दिसत नाही म्हणालात, पण तिला कळेल.

आणि निवडून आलात तर महिला ग्रामसभा कागदावर घेऊ नका. प्रत्येक ग्रामसभेच्या आधी ती घ्यायचीच असते आणि निम्म्या गावात ती नुसती रजिस्टरवर सह्या फिरवून होते. तुम्ही ती खरी घ्या, दुपारी, रोजगारावरनं बाया आल्यावर, आणि अध्यक्ष त्या वेळी स्वतः होण्यापेक्षा जिनं विचारलं "आम्ही कुणाकडं जायचं" तिच्याकडं माईक द्या. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला १० टक्के महिला व बालकल्याणाला खर्च करायचा असतो, त्याची यादी तिला वाचायला सांगा. वित्त आयोगाच्या पैशात बंधित (ठरवून दिलेल्या कामालाच वापरायचे) किती अबंधित किती, पाण्याला किती गेले, हेपण. आमच्याकडं पहिल्यांदा ही यादी वाचली तेव्हा बायांना कळलं की त्यांच्या नावावर शिलाई मशीनं आली होती. ती कुठं गेली ते शोधायला आम्हाला चार महिने लागले, एका गोडाऊनमधे निघाली, गंजलेली.

---

वैनगंगेकाठी

मी माझं मत थोडं बदलतो. पूर्ण नाही. जर त्या बाया पॅनलमधे येणार असतील आणि काही जणी ठरवून बाहेर राहणार असतील तर उभ्या राहा. पण बाहेर कोण राहणार हे निवडणुकीच्या आधी ठरवा, नंतर नाही. नंतर सगळ्यांना आत यायचं असतं. आणि बाहेर राहणाऱ्या ज्या असतील त्या सगळ्यात हुशार पाहिजेत, उरलेल्या नकोत.

---

माणदेशी_सून

आठ दिवसांनी लिहितीये, माफ करा. बरंच काही झालं.

घर मोजून घेतलं. गोठ्याची एक भिंत दोन फूट रस्त्यात होती, सासऱ्यांच्या वेळची. मालकांनी दुसऱ्याच दिवशी स्वतः पहार घेऊन पाडली, सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या बघत बसल्या, आणि संध्याकाळी विटा एकावर एक रचून ठेवल्या. दिरांशी बोलणं झालं. दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. काल म्हणले "वहिनी, तालुक्यात बाकी कामं काय कमी आहेत का."

शनिवारी मारुतीच्या देवळात बायका जमवल्या, चाळीस-पंचेचाळीस होत्या. मी सगळं वाचून दाखवलं, तुमची उत्तरंसुद्धा मोबाईलवरनं, डोंगलचं, मेंढ्याचं, लाटण्याचं. दोन्ही पॅनलला नाही म्हणून सांगायचं ठरलं. नऊपैकी सहा जागांवर आमच्यातल्या उभ्या राहतील, त्यातल्या दोन सर्वसाधारण जागांवर, म्हणजे पुरुषांच्या समोर. बाकी तीन जागांसाठी वॉटर कपच्या वेळी आमच्यासोबत खणलेल्या पोरांना विचारणार आहोत.

आणि बाहेर कोण राहणार हा विषय काढला तर सगळ्या गप्प. मग ती उठली, जिनं मला विचारलं होतं. म्हणली मी राहते. तिला सदस्य व्हायचं होतं हे मला माहीत आहे, तिचा वॉर्ड सगळ्यात सोपा होता आमच्यासाठी. मी तसं बोलूनपण दाखवलं. ती म्हणली, "मला ते मागच्या पाच वर्षांचे ग्रामसभेचे ठराव मिळवून दे आधी, वाचायला सुरुवात करते."

माहितीच्या अधिकाराचा अर्ज आजच टाकलाय, तिच्या नावानं. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप मी लावला.